सोसायटीचे मासिक बिल आणि पायथनमधली फंक्शन्स

सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या मासिक बिलातली प्रत्येक रक्कम वेगळ्या आधारावर काढली जाते, हे खजिनदारपद गळ्यात पडेपर्यंत बहुतेक सदस्यांना ठाऊक नसते. आदर्श उपविधींनुसार सेवा शुल्क सर्व सदनिकांमध्ये समान वाटले जाते, तर पाणीपट्टी नळजोडांच्या संख्येवर आकारली जाते. सिंकिंग फंड, म्हणजे इमारतीच्या मोठ्या कामांसाठी राखून ठेवायचा निधी, हा सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या वार्षिक किमान ०.२५ टक्के आणि दुरुस्ती निधी त्याच खर्चाच्या किमान ०.७५ टक्के असतो. थकबाकीवर सर्वसाधारण सभा ठरवील त्या दराने सरळव्याज लागते, मात्र तो दर वार्षिक २१ टक्क्यांच्या वर जाता कामा नये. डोंबिवलीतल्या आमच्या संस्थेचा हा हिशेब माझ्याकडे आला तेव्हा तो एका एक्सेल शीटमध्ये होता आणि व्याजाचे सूत्र प्रत्येक सदनिकेच्या ओळीत स्वतंत्रपणे चिकटवलेले होते. सभेने व्याजाचा दर २१ वरून १८ टक्के केला, तेव्हा तो काही ओळींत बदलला गेला आणि काहींत तसाच राहिला, आणि कोणत्या ओळीत काय आहे हे शोधण्यासाठी प्रत्येक खाना उघडून पाहण्यावाचून गत्यंतर नव्हते.

माझा भाचा अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला पायथन ही प्रोग्रॅम लिहिण्याची भाषा शिकत होता. त्याच्या सांगण्यावरून मीही ती भाषा शिकायला घेतली, ती केवळ या बिलासाठी. बेरीज-वजाबाकी, व्हेरिएबल, म्हणजे मूल्य ठेवायचे नाव, आणि जर-तरच्या अटी इथवर फारशी अडचण आली नाही, कारण हिशेब लिहिण्याची सवय असलेल्या माणसाला त्यात नवे वाटावे असे थोडेच असते. फंक्शनच्या, म्हणजे नाव देऊन लिहून ठेवलेल्या आणि हवी तेव्हा बोलावता येणाऱ्या कृतीच्या, प्रकरणापाशी मात्र मी बरीच रेंगाळले, आणि पुढे जे काही उपयोगी पडले ते सगळे तिथेच सापडले, म्हणून त्याविषयीच लिहीत आहे.

पहिले फंक्शन व्याजाचेच लिहिले. पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून नावे देवनागरीत देता येतात, त्यामुळे त्याला मी थकव्याज असे नाव दिले. पायथनचे स्वतःचे शब्द आणि कोडमधले आकडे रोमन लिपीतच टंकावे लागतात. येथे वाचनाच्या सोयीसाठी तेही देवनागरीत देत आहे.

डेफ थकव्याज():
    प्रिंट(१२००० * ३ * २१ / १२००)

पहिल्या ओळीत डेफ हा शब्द, मग नाव, कंस आणि शेवटी विसर्ग चिन्हासारखे दिसणारे कोलन. दुसरी ओळ चार मोकळ्या जागा सोडून आत सरकवलेली, कारण कोणत्या ओळी फंक्शनच्या पोटातल्या आणि कोणत्या बाहेरच्या हे पायथनला त्या जागेवरूनच कळते. बारा हजारांची थकबाकी, तीन महिने आणि २१ टक्के दर यांचे व्याज ६३० रुपये येते; बाराशेने भागायचे ते वर्षाचे बारा महिने आणि टक्क्यांचे शंभर यांमुळे. फाईल रन केली तर पडद्यावर काहीच उमटले नाही, एररसुद्धा नाही. भाच्याला विचारले तेव्हा तो म्हणाला, ‘मावशी, तू त्याला कसं करायचं ते सांगितलंस, कर असं कुठे सांगितलंस?’ खाली नव्या ओळीवर, समासाला लावून, थकव्याज आणि मोकळा कंस एवढे लिहिल्यावर ६३० उमटले. कंस न देता नुसते नाव लिहून प्रिंट करायला सांगितले, तर आकड्याऐवजी हे अमुक नावाचे फंक्शन आहे अशा अर्थाची एक ओळ येते, हेही त्याच वेळी पाहिले. डेफ ही ओळ चालते तेव्हा पोटातला हिशेब होत नाही, फक्त त्या नावाखाली कृती नोंदवली जाते; हिशेब होतो तो नावापुढे कंस लावून बोलावल्यावर, आणि जितक्या वेळा बोलवावे तितक्या वेळा.

अर्थात प्रत्येक वेळी ६३०च देणारे फंक्शन कोणाच्याच कामाचे नाही. म्हणून कंसात थकबाकी आणि महिने अशी दोन नावे लिहिली, पोटातल्या बारा हजार आणि तीन या आकड्यांच्या जागी तीच नावे घातली, आणि बोलावताना त्या सदस्याचे आकडे दिले. व्याख्येतल्या कंसात असतात ती नावे म्हणजे पॅरामीटर आणि बोलावतानाच्या कंसात असतात ती मूल्ये म्हणजे आर्ग्युमेंट, एवढा भेद लक्षात आला की या दोन शब्दांचा गोंधळ आपोआप मिटतो.

खरी अडचण पुढे आली. व्याजाची रक्कम बिलाच्या बेरजेत मिळवायची होती, म्हणून सेवा शुल्क अधिक थकव्याज असे लिहिले. पडद्यावर आधी ६३० उमटले आणि लगेच त्याखाली लाल अक्षरांत तक्रार आली, की पूर्णांक आणि नन यांची बेरीज करता येत नाही. आकडा डोळ्यांसमोर दिसत असताना यंत्र तो नाही म्हणते, हे पहिल्यांदा पाहणाऱ्याला चक्रावून टाकणारेच आहे. कारण असे, की प्रिंट आकडा माणसाला दाखवते, बोलावणाऱ्या ओळीच्या हाती मात्र काही देत नाही, आणि ज्या फंक्शनने काही परत दिले नाही त्याच्याकडून पायथन नन, म्हणजे काहीच नाही, असे मूल्य आल्याचे धरते. बँकेच्या खिडकीतल्या माणसाने नोटा काचेमागून मोजून दाखवाव्यात आणि पुन्हा ड्रॉवरमध्ये ठेवाव्यात, तसा हा प्रकार. प्रिंटच्या जागी रिटर्न लिहिल्यावर पडद्यावर काही उमटेनासे झाले, पण बेरीज जमली.

या एका बदलाने माझी लिहिण्याची रीतच पालटली. तोपर्यंत प्रत्येक फंक्शनने आपापली ओळ छापावी अशी माझी कल्पना होती, कारण बिल म्हणजे शेवटी छापलेला कागदच. छापणारे फंक्शन मात्र तेवढ्या एकाच कामाला येते, तर आकडा परत देणारे फंक्शन बेरजेत, तुलनेत, थकबाकीदारांच्या यादीत, वार्षिक ताळेबंदात, कुठेही बसते. आता संपूर्ण फाईलमध्ये छापण्याचे काम एकाच फंक्शनकडे आहे आणि बाकी सगळी नुसते आकडे परत देतात. नवशिक्यांसाठीच्या बहुतेक धड्यांत पहिलेच फंक्शन पडद्यावर नमस्कार छापणारे असते. माझ्या मते ते शिकवण्याच्या दृष्टीने गैरसोयीचे आहे, कारण त्यातून प्रिंट आणि रिटर्न ही एकच गोष्ट असल्याचा समज पहिल्याच दिवशी पक्का होतो.

आणखी एक सवय सोडावी लागली. फंक्शनच्या बाहेर एकूण नावाचे व्हेरिएबल ठेवून प्रत्येक फंक्शनने आतूनच त्यात आपली रक्कम मिळवावी, असा माझा बेत होता. पायथनने त्याला नकार दिला. ज्या नावाला फंक्शनच्या पोटात मूल्य दिले जाते ते नाव त्या फंक्शनपुरते, बाहेरच्या एकूणशी त्याचा संबंध नाही, आणि आतल्या एकूणला अजून मूल्यच मिळालेले नसताना त्यात मिळवणार कशात, असा त्याचा आक्षेप. बाहेरचे नाव वापरण्याची परवानगी देणारा ग्लोबल हा शब्द आहे, पण भाच्याने तो वापरू दिला नाही आणि तो योग्यच होता. व्याजाचे फंक्शन दोनदा बोलावले गेले म्हणून सदस्याच्या बिलात व्याज दोनदा चढणे ही सोसायटीत भांडणाला पुरेशी गोष्ट आहे. नुसता आकडा परत देणारे फंक्शन दहा वेळा बोलावले तरी बिलात काही बदलत नाही.

यानंतर दराचा प्रश्न आला. सूत्राच्या पोटात २१ लिहिलेले होते ते १८ केले आणि एका जागी बदल करून सगळ्या सदनिकांचे व्याज नव्या दराने निघू लागले, हे समाधान फार टिकले नाही. ठराव १ एप्रिलपासून लागू होता, त्यामुळे आधीच्या महिन्यांची थकबाकी जुन्या दराने आणि नंतरची नव्या दराने मोजायची होती, म्हणजे दोन्ही दर एकाच वेळी जिवंत होते. तेव्हा दरही बाहेरूनच द्यायचा ठरवले. शिवाय आमच्याकडे पहिला महिना सवलतीचा धरतात, तोही सूत्रात आणायचा होता.

डेफ थकव्याज(थकबाकी, महिने, दर):
    व्याज = थकबाकी * (महिने - १) * दर / १२००
    रिटर्न व्याज

येथे एक गंमत नोंदवण्याजोगी आहे. सवलतीचा महिना सूत्रात येण्यापूर्वी थकबाकी आणि महिने यांची अदलाबदल केली तरी उत्तर तेच येत असे, कारण तो निव्वळ गुणाकार होता: बारा हजार गुणिले तीन काय आणि तीन गुणिले बारा हजार काय. सवलत आल्यावर योग्य क्रमाने १८ टक्क्यांनी ३६० रुपये येतात, आणि उलट क्रमाने ५३९ रुपये ९६ पैसे. दोन्ही आकडे व्याज म्हणून पटण्यासारखे दिसतात, एररही येत नाही. पायथनला थकबाकी कोणती आणि महिने कोणते हे अर्थावरून कळत नाही. पहिल्या जागी आलेले मूल्य तो पहिल्या नावाला देतो, एवढेच. त्यामुळे तीन किंवा अधिक मूल्ये द्यायची असतील तेव्हा मी बोलावतानाही थकबाकी = १२०००, महिने = ३, दर = १८ असे नावासह लिहिते. तसे लिहिले की क्रमाला महत्त्व उरत नाही आणि पुढच्या खजिनदारालाही ती ओळ वाचता येते.

पॅरामीटरला आधीच मूल्य देऊन ठेवण्याची सोय पायथनमध्ये आहे, म्हणजे दर = १८ असे व्याख्येतच लिहिले तर बोलावताना दर दिला नाही तरी चालते. ही सोय मी व्याजासाठी मुद्दाम वापरली नाही. दर द्यायचा राहिला तर फंक्शनने अडून बसावे, गुपचूप जुना दर लावू नये, असे मला वाटते. सभेच्या ठरावाने बदलणाऱ्या कोणत्याही आकड्याबाबत हेच धोरण ठेवले आहे. बिलाच्या प्रती किती काढायच्या यासारख्या, चुकली तरी कोणाच्या खिशाला झळ न लावणाऱ्या गोष्टींना मात्र आधीचे मूल्य खुशाल द्यावे. या सोयीचा एक चमत्कारिक गुणधर्मही आहे, ज्याचा इशारा पायथनच्या अधिकृत पाठमालेतच दिलेला आहे: असे मूल्य डेफची ओळ चालताना एकदाच तयार होते. ते मूल्य जर रिकामी यादी असेल आणि फंक्शन तिच्यात भर घालत असेल, तर पहिल्या सदस्याच्या बिलावरचे शेरे दुसऱ्याच्या बिलावरही उमटतात.

व्याजाचे फंक्शन वेगळे झाल्यावर त्याची परीक्षाही वेगळी घेता आली, आणि एक्सेलच्या तुलनेत मला सर्वांत मोठा फायदा हाच वाटतो. पूर्ण बिल तयार होण्याची वाट न पाहता, कागदावर हाताने काढलेली उत्तरे आणि फंक्शनने दिलेली उत्तरे जुळतात का, हे पाहणाऱ्या चार ओळी फाईलच्या तळाशी लिहिल्या. त्यात टोकाची उदाहरणे मुद्दाम घेतली. महिने शून्य दिले तेव्हा उणे १८० असे उत्तर आले, म्हणजे संस्थाच सदस्याला व्याज देणे लागते असा त्याचा अर्थ. महिन्यांतून एक वजा करून येणारा आकडा शून्याच्या खाली जाऊ नये अशी अट घातल्यावर ते थांबले. पुढे सूत्रात कधीही काही बदलले की त्या चार ओळी पुन्हा चालवायच्या, एवढीच शिस्त पुरते.

तपासलेला हिशेब एकदाच लिहून ठेवावा आणि हवा तिथे बोलवावा, ही कल्पना संगणकाइतकीच जुनी आहे. केंब्रिज विद्यापीठात १९४९ साली सुरू झालेल्या एडसॅक या यंत्रावर काम करताना डेव्हिड व्हीलर यांनी असे तुकडे बोलावण्याची आणि काम झाल्यावर मूळ ठिकाणी परतण्याची युक्ती बसवली, कारण कुठे परतायचे हे लक्षात ठेवणारी सोय त्या यंत्रात मुळातच नव्हती. तपासून पाहिलेले तुकडे छिद्रे पाडलेल्या कागदी पट्ट्यांवर जपून ठेवले जात आणि लागतील तेव्हा नव्या प्रोग्रॅमच्या पट्टीवर त्यांची नक्कल उतरवली जाई. मॉरिस विल्क्स, व्हीलर आणि स्टॅन्ली गिल यांचे १९५१चे पुस्तक प्रामुख्याने याच पद्धतीविषयी आहे.

व्याजानंतरची फंक्शन्स झपाट्याने झाली. आठ लाख बांधकाम खर्चाच्या सदनिकेला सिंकिंग फंड वर्षाला दोन हजार, महिन्याला १६६ रुपये ६७ पैसे, आणि दुरुस्ती निधी महिन्याला ५०० रुपये. पाणीपट्टीचे फंक्शन नळजोडांची संख्या घेते. सेवा शुल्काचे फंक्शन एकूण खर्च आणि सदनिकांची संख्या घेते, आणि त्यात क्षेत्रफळाला जागाच नाही. हे शेवटचे वाक्य मी समितीच्या बैठकीतही उच्चारले, कारण मोठ्या सदनिकेकडून सेवा शुल्क अधिक घ्यावे ही सूचना अधूनमधून येत असते.

बिनभोगवटा शुल्काच्या, म्हणजे सगळे ज्याला नॉन-ऑक्युपन्सी म्हणतात त्याच्या फंक्शनबाबत अधिक विचार करावा लागला. राज्य शासनाच्या २००१च्या आदेशाप्रमाणे भाड्याने दिलेल्या सदनिकेवर हे शुल्क सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक आकारता येत नाही. जुन्या शीटमध्ये ते बिलाच्या एकूण रकमेवर, म्हणजे मालमत्ता कर आणि पाणीपट्टीसकट, काढलेले दिसत होते. सूत्र चालत होते, उत्तर येत होते, त्यामुळे कोणाच्या नजरेला ते खटकले नव्हते. फंक्शन लिहिताना मात्र कंसात काय घ्यायचे हे ठरवल्याशिवाय पहिली ओळच पुरी होत नाही. कंसात सेवाशुल्क आणि राहणारे अशी दोनच नावे घेतली. बिलाची एकूण रक्कम या फंक्शनपर्यंत पोहोचतच नाही, तेव्हा तिच्यावर टक्केवारी लावण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. सदनिकेत सदस्याचे कुटुंबीय किंवा विवाहित मुलगी राहत असेल तर पहिल्याच अटीत शून्य परत जाते, आणि रिटर्न झाला की फंक्शनमधल्या पुढच्या ओळी चालत नाहीत, त्यामुळे उरलेल्या भागात भाडेकरूचाच विचार करावा लागतो. सेवा शुल्क दीड हजार असेल तर भाडेकरू असताना १५० रुपये, घरचे माणूस असताना काही नाही.

हे लिहून झाल्यावर फंक्शनविषयीचे माझे मत ठरून गेले. पुनरावृत्ती टळते, कोड आखूड होतो, हे फायदे सगळे सांगतात आणि ते खरेही आहेत. पण माझी फाईल जुन्या शीटपेक्षा आखूड झालेली नाही. कंसात काय घ्यायचे आणि काय घ्यायचे नाही याचा निर्णय करताना प्रत्येक नियम मला मुळापासून वाचावा लागला, आणि तो निर्णय आता पहिल्याच ओळीत सगळ्यांना दिसतो. पोटातला गुणाकार-भागाकार कोणालाही जमेल. वेळ लागतो तो पहिल्या ओळीला. डेफच्या खालोखाल तिहेरी अवतरणचिन्हांत दोन ओळींची टीप लिहिण्याची जी पद्धत आहे, तिथे मी ठरावाची तारीख किंवा उपविधीचा आधार लिहून ठेवते.

पूर्ण रुपयात रक्कम आणण्याचा मुद्दा शेवटी आला. पायथनमध्ये त्यासाठी राउंड नावाचे तयार फंक्शन आहे, पण ८६२.५०चे ते ८६२ करते आणि ८६३.५०चे ८६४. बरोबर निम्म्यावर असलेली रक्कम जवळच्या सम संख्येकडे नेण्याची ती पद्धत आहे आणि मोठ्या बेरजांत एकाच बाजूला कल राहू नये म्हणून ती वापरतात. सदस्यांना मात्र हे समजावत बसण्याची माझी तयारी नव्हती. पन्नास पैसे झाले की वरचा रुपया, हा हिशेब सर्वांना शाळेपासून ठाऊक आहे. पायथनच्याच डेसिमल मॉड्यूलमध्ये, म्हणजे दशांश हिशेबाच्या तयार कोडच्या संचात, तशी पद्धत निवडता येते. पूर्णरुपये नावाचे एक फंक्शन आधीच केलेले होते आणि बाकीची सगळी फंक्शन्स आपली रक्कम त्याच्याकडून करून घेत होती, त्यामुळे बदल त्या एकाच्याच पोटात झाला आणि इतरांना हातही लावावा लागला नाही.

आता बिलाच्या मुख्य फंक्शनमध्ये हिशेब असा जवळजवळ नाहीच. ते सदनिकेची माहिती घेते, एकेका फंक्शनला त्याला लागेल तेवढीच माहिती देते, आलेले आकडे एका यादीत ठेवते आणि यादी परत करते. लेखापरीक्षकांनी एका सदस्याचे व्याज कसे आले असे विचारले, तेव्हा थकव्याजच्या ओळी आणि ठरावाची प्रत शेजारी ठेवून दाखवता आली.

पार्किंग शुल्काचे फंक्शन अजून रिकामे आहे. दुसऱ्या गाडीला किती आकारायचे आणि दुचाकीला आकारायचे की नाही, यावर सभेत दोनदा चर्चा झाली, पण ठराव झालेला नाही. नाव आणि कंस फाईलमध्ये आहेत, कंसात गाड्यांची यादी आहे. पोटात पास, म्हणजे काहीच करू नको असे सांगणारा शब्द, लिहून भागले असते, पण मग फंक्शनने नन परत दिले असते आणि ती उणीव भलत्याच ओळीत बेरीज अडल्यावर कळली असती. म्हणून त्याजागी एरर उठवणारी ओळ आणि तिच्यासोबत ‘ठराव बाकी’ एवढा मजकूर ठेवला आहे.